प्रकल्प नोंदी : ‘शेवटची गाडी’ आणि तळघरातली राजकन्या

४ जानेवारी २०२५

‘शेवटची गाडी’च्या नोंदी आजपासून इथे ठेवते. मराठीतली एक छोटी व्हिज्युअल नॉव्हेल, म्हणजे चित्रं बघत, मजकूर वाचत, पर्याय निवडत खेळायची गोष्ट करायची आहे. रात्रीची एसटी, मोजके प्रवासी, एक कंडक्टर, आणि खेळणारी व्यक्ती खिडकीशेजारी. खेळ साधारण अर्ध्या तासाचा. संहिता आणि कोड माझ्याकडे, चित्रं मैत्रिणीकडे. इंजिन, म्हणजे खेळ ज्यावर बांधायचा ते सॉफ्टवेअर, रेनपाय. ते मोफत आहे, त्याचा कोड खुला आहे, आणि टॉम रोथमेल यांनी २००४ पासून ते सतत चालतं ठेवलं आहे.

लिहायला बसण्याआधी एक खेळ नीट उसवून बघायचा होता, ‘स्ले द प्रिन्सेस’. टोरंटोच्या ब्लॅक टॅबी गेम्सचा. म्हणजे मुळात दोन माणसांचा, ॲबी हॉवर्ड आणि टोनी हॉवर्ड-एरियस या जोडप्याचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये आला, आणि वर्षभराने ‘द प्रिस्टीन कट’ नावाची वाढवलेली आवृत्ती आली. तोही रेनपायमध्येच बांधलेला आहे. आपल्या हातात जे हत्यार आहे त्याच हत्याराने कुणी काय केलंय, हे बघण्यासाठी याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

(पुढच्या नोंदींत त्या खेळातल्या गोष्टी उघड होणार आहेत. ज्यांना तो कोरा खेळायचा आहे त्यांनी आधी खेळून यावं. खरंच यावं.)

सुरुवात अगदी साधी. जंगलातली वाट, वाटेच्या टोकाला लाकडी घर, घराच्या तळघरात साखळीने बांधलेली राजकन्या. निवेदक सांगतो की तिला मारलं नाही तर जगाचा अंत होईल. का, कसा, ते सांगत नाही. समोर पर्याय येतात. चित्रं सगळी पेन्सिलची, काळी-पांढरी, कडा थरथरणाऱ्या. निवेदकाचा आवाज जोनाथन सिम्स यांचा, आणि तो आवाज इतका समजूतदार आहे की त्याचं ऐकावंसं वाटतं. तिथेच अंगावर काटा येतो.

वाट सोडून उलट फिरले. पुढे तेच घर.

५ जानेवारी

पहिला अध्याय जवळपास कसाही संपवला तरी आपण पुन्हा त्याच वाटेवर उभे असतो. निवेदक म्हणतो, ही पहिलीच वेळ. त्याला काही आठवत नाही. आपल्याला आठवतं. आपल्या पात्राच्या डोक्यात बोलणाऱ्या आवाजालाही आठवतं, आणि आता तिथे आणखी एक आवाज आलेला असतो. हा नवा आवाज कोणता, ते आपण आधी काय केलं त्यावर ठरतं. झुंजत मेलात तर हट्टी आवाज येतो. तिला तळघरात कोंडून ठेवलंत तर संशयाने पछाडलेला. तिच्यावर भाळून सोडवायला गेलात तर प्रेमात पडलेला.

आणि राजकन्या बदललेली असते. झुंज दिली होती तर आता तिला शिंगं आहेत आणि तिला झुंजच हवी आहे. तिच्यापुढे नमलं होतं तर ती छताएवढी झालेली असते, देवीसारखी, आणि आपले हात आपल्या ताब्यात राहत नाहीत. सोडवलं होतं तर ती मोठ्या डोळ्यांची, गोड, सगळ्याला हो म्हणणारी.

या शेवटच्या वाटेवर आज बराच वेळ गेला. तिला विचारलं, तुला काय हवं? उत्तर आलं, तुला जे हवं ते. पुन्हा विचारलं. तेच उत्तर. पुन्हा. विचारत राहिलं की तिचं चित्रच साधं होत जातं, रेघा गळत जातात, जणू तिच्या आत दुसरं काही नव्हतंच. तिला रिकामी मीच केली होती, पहिल्या अध्यायात ‘हिला वाचवायचं’ एवढंच तिच्याकडे बघून. खेळ हे कुठेही समजावून सांगत बसत नाही. फक्त चित्र विरत जातं. निकोल गुडनाइट यांनी राजकन्येच्या सगळ्या रूपांना आवाज दिलाय, त्यामुळे हे कानालाही कळतं.

अगदी सुरुवातीचा चाकूही तसाच. टेबलावरचा चाकू घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरलात तर खाली भेटणारी राजकन्या वेगळी, हात रिकामे ठेवून उतरलात तर वेगळी. तिचा आवाज वेगळा, बोलणं वेगळं, आणि अजून आपण तिच्याशी एक शब्दही बोललेलो नसतो.

कामासाठी यातून घ्यायचं ते हे : इथली विचित्रता चित्रात नंतर येते. आधी ती हिशेबात असते. खेळ आपलं वागणं लक्षात ठेवतो आणि त्याचंच जग बनवून परत देतो. अतर्क्य म्हणून उडणारी घरं आणि वितळणारी घड्याळं दाखवणारे खेळ पुष्कळ आहेत, ते मला दहा मिनिटांत कंटाळवाणे होतात, कारण त्या घड्याळांना माझ्याशी देणंघेणं नसतं. ही राजकन्या माझ्यामुळे अशी झालेली असते.

११ जानेवारी

तुलनेसाठी ‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’ पुन्हा काढला. डॅन साल्वाटो यांच्या टीम साल्वाटोचा, सप्टेंबर २०१७ चा, फुकट मिळणारा, तोही रेनपायचाच. शाळेतल्या साहित्य मंडळाची गोड गोष्ट म्हणून सुरू होतो. कवितेसाठी वीस शब्द निवडायचे, कोणते शब्द घेतले त्यावर कोणती मुलगी खूश होणार ते ठरतं. मग त्यात आत्महत्येचा प्रसंग येतो, आणि तिथून पुढे खेळ स्वतःच मोडायला लागतो. चित्रं तुटतात, आधी साठवलेले खेळ नाहीसे होतात. शेवटी पुढे जायचं तर संगणकावर खेळाचं फोल्डर उघडून त्यातली एका पात्राची फाइल स्वतःच्या हाताने पुसावी लागते.

सुरुवातीला तिथे स्पष्ट सूचना असते की हा खेळ मुलांसाठी नाही, सहज विचलित होणाऱ्या माणसांसाठी नाही. अशी सूचना आपल्यालाही लागेल. आपल्या संहितेत मृत्यू आहे. ज्यांनी नुकतंच कुणाला गमावलंय त्यांना खेळाने गाठून धक्का देणं मला मान्य नाही.

फाइल पुसण्याची कल्पना २०१७ मध्ये लोकांच्या डोक्यात घर करून राहिली. तिची नक्कल करणारे खेळ नंतर भरपूर आले, आणि नकलेत जोर उरला नाही. मूळ खेळात ती कृती का टोचते, तर त्याआधी कित्येक तास आपण त्या पात्रांसाठी शब्द निवडत असतो. फाइल पुसणं हा त्या निवडींचा शेवटचा टप्पा आहे. ते नातं नसेल तर उरतं फक्त एक फोल्डर.

संध्याकाळी रशियन निर्माते निकिता क्र्युकोव यांचा २०२० मधला छोटा खेळ पाहिला, ज्यात एक मुलगी दुकानातून दूध आणायला निघते. आपण तिच्या डोक्यातला आवाज आहोत. बस, एवढंच. दोन-तीन रंगांची ठसठशीत चित्रं, आणि दूध आणण्याइतकी सोपी गोष्ट तिला किती अवघड आहे हे आपल्यालाच तिच्याशी बोलून कळत जातं. अर्ध्या तासाच्या आत संपतो. आपला आकार हाच हवा.

१८ जानेवारी

रेनपायची मांडणी. देवनागरीचा प्रश्न आधी सोडवला. जुन्या आवृत्त्या अक्षरं एकामागे एक ठेवत जायच्या, त्यामुळे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाऊन बसायची आणि जोडाक्षरं पाय मोडून पडायची. २०२४ मध्ये आलेल्या ८.२ पासून आत हार्फबझ आहे, म्हणजे अक्षरांचे आकार शेजार बघून ठरतात. चाचणीसाठी मुद्दाम अवघड वाक्य घातलं : ‘दुसऱ्या पायरीवर क्षणभर वाऱ्याची झुळूक आली, मग विरली.’ ऱ्य नीट आला, क्ष नीट, वेलांटी जागेवर.

टंक तिरो देवनागरी मराठी. मराठी वळणाचे ल आणि श त्यात मुळातच आहेत, वेगळी सोय करावी लागत नाही. पडद्यावर तो थोडा पुस्तकी दिसतो आणि मला तेच हवंय. प्रवाशांचं बोलणं आणि आतला, म्हणजे खेळणाऱ्याच्या मनात बोलणारा, आवाज यांना वेगळे टंक द्यायचा विचार सोडला. आवाज कुणाचा आहे याची शंका यायलाच हवी.

मजकूर अक्षराअक्षराने उमटवण्याचा वेग चाचपून पाहिला. फार हळू ठेवला की जोडाक्षरांपाशी डोळा अडखळतो. तो परिणाम बंद केला. वाक्य एकदम येईल.

२ फेब्रुवारी

आठवडाभर संहिता, आणि मराठीचा मूळ पेच समोर आला. इंग्रजीत खेळणाऱ्याला ‘यू’ म्हटलं की काम भागतं, ‘स्ले द प्रिन्सेस’ सगळा त्यावर उभा आहे. मराठीत आतला आवाज ‘तू’ म्हणाला की दुसऱ्याच वाक्यात क्रियापद विचारतं, बाई की बाप्या? तू बसलास, तू बसलीस. तू बघतोस, तू बघतेस. सुरुवातीलाच रकाना भरून घ्यायचा तर रात्रीच्या गाडीत चढल्याचा अनुभव जाऊन फॉर्म भरल्याचा येतो.

मग वाक्यं एकेक करून तपासली. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माच्या मागे जातं : तू खिडकी लावलीस, तू दार उघडलंस, तू रुमाल उचललास. इथे खेळणारी व्यक्ती कोण, हे कळत नाही. तुला आवाज ऐकू आला, तुला झोप येतेय, हेही मोकळं. भविष्यकाळ मोकळा : तू उतरशील. आज्ञार्थ मोकळा. पर्याय लिहिताना ‘मी उतरतो’ न लिहिता ‘मला उतरायचंय’ किंवा ‘मी उतरणार नाही’. कंडक्टर तर ‘तुम्ही’ म्हणेल, तिथे प्रश्नच नाही : तुम्ही कुठं चढलात?

एवढी बंधनं पाळून लिहिलेला मजकूर वाचला तेव्हा त्यात एक चमत्कारिक सूर आलेला दिसला. खेळणारी व्यक्ती सतत काहीतरी करते, तिला काही दिसतं, तिला काही होईल असं सांगितलं जातं, पण ती कधी नुसती येत नाही, बसत नाही, रडत नाही. आहे आणि नाही. मी हे ठरवून आणू शकले नसते.

आणि मग कंडक्टरचा प्रश्न सुचला. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. लहान मुलांना ते आधीपासून आहेच. म्हणजे कंडक्टर मशीन हातात घेऊन विचारणार, ‘हाफ का फुल?’ या एका प्रश्नात, कुणालाही खटकू न देता, खेळणारी व्यक्ती स्वतःबद्दल काहीतरी सांगून टाकते. फुल म्हटलं तर बहुधा पुरुष. हाफ म्हटलं तर बहुधा बाई, किंवा मूल. कोणतं, ते कंडक्टर विचारत नाही. मागच्या सीटवरची म्हातारी ठरवते.

‘अगं, तू गुरवांची धाकटी ना?’ एवढं ती म्हणते. पर्याय दोनच : ‘हो’ आणि ‘नाही, मावशी’. हो म्हटलं की त्या क्षणापासून आतला आवाज ‘तू आलीस, तू बसलीस’ असं बोलायला लागतो. तोवर जपून ठेवलेली सगळी मोकळी वाक्यं बंद होतात. खेळणारी व्यक्ती गुरवांची धाकटी होते, आणि गुरवांच्या धाकटीचं काय झालं हे गाडीत सगळ्यांना माहीत आहे. फुल तिकीट घेतलेल्याला ती ‘अरे, तू थोरला ना?’ म्हणते, आणि थोरल्याचीही गोष्ट आहे.

त्या राजकन्येला आपल्या नजरेने घडवलं जातं. इथे गाडीतली माणसं खेळणाऱ्याला घडवतात. मला हवी होती ती उलटी बाजू हीच. खेळ आता माझा वाटतोय.

९ फेब्रुवारी

मैत्रिणीची पहिली रेखाटनं आली. कोळशाने काढलेली, स्कॅन केलेली. सीटांच्या पाठी, दांडा, खिडकीच्या काचेतलं पुसट प्रतिबिंब. प्रतिबिंबात चेहरा नाही, हा निर्णय दोघींनी मिळून. ‘हो’ म्हटल्यावर तिथे वेणी दिसायला लागते. एकदाच, तीही बोगद्यातून जाताना.

रंग फक्त एका ठिकाणी, बेलच्या दोरीला. बाकी राखाडी.

२२ फेब्रुवारी

मागे जाण्याची गोष्ट. रेनपायमध्ये माउसचं चाक वर फिरवलं की खेळ एक वाक्य मागे जातो. याला रोलबॅक म्हणतात. चाक फिरवत राहिलं की निवड बदलता येते, जणू पहिली केलीच नव्हती. व्हिज्युअल नॉव्हेल खेळणाऱ्यांच्या बोटांना ही सवय पक्की असते. एक पर्याय दाबतात, काय होतं ते बघतात, मागे येऊन दुसरा दाबतात.

इंजिन तीन वाटा देतं. मागे जाणं पूर्ण अडवता येतं. मागे जाऊन फक्त बघू देता येतं, निवड मात्र गोठलेली. किंवा काहीच करायचं नाही. पहिल्या दोन्ही वाटा मी नाकारल्या. दार बंद केलं की खेळणाऱ्याला फक्त कुलूप दिसतं. मला त्याला मागे जाऊ द्यायचंय आणि ते कुणीतरी पाहिलंय हे कळू द्यायचंय.

ते असं होतं. रोलबॅकबरोबर सगळी चलं, म्हणजे खेळाने लक्षात ठेवलेल्या नोंदी, जुन्या किमतीवर परत जातात. पण पर्सिस्टंट नावाच्या कप्प्यात ठेवलेली नोंद परत जात नाही, ती खेळ बंद करून नव्याने सुरू केला तरी टिकते. तिकीट फाटलं की त्या कप्प्यात खूण होते : हाफ किंवा फुल. खेळणारी व्यक्ती चाक फिरवून मागे आली, हाफऐवजी फुल दाबलं, तर चालू खेळाच्या मते ती पहिल्यांदाच निवडतेय, आणि कप्प्याच्या मते एक तिकीट आधीच फाटलंय. दोन्हींत फरक दिसला की कंडक्टर क्षणभर थांबतो.

‘तिकीट फाटलंय तुमचं. दुसरं काढू म्हणताय तर काढतो. पण मग त्या तिकिटावर कोण बसणार?’

दुसरं तिकीट निघतं. शेजारची रिकामी सीट आता रिकामी नसते. तिथे गुरवांची धाकटी बसलेली असते, हातात हाफ तिकीट, आणि तिला खेळणाऱ्याची आधीची सगळी उत्तरं पाठ असतात. कंडक्टर पुढे तिच्याशीही बोलतो. जो कधी मागे गेलाच नाही त्याला ती कधीच दिसणार नाही.

आज हे पहिल्यांदा सलग चाललं. रात्री एकटीने चालवून पाहिलं आणि शेजारच्या सीटचं चित्र आल्यावर मी खुर्चीतून उठले. कोड माझा आहे, चित्र कधी येणार ते मला माहीत होतं, तरी.

जपानमध्ये चुनसॉफ्ट कंपनीने १९९२ मध्ये सुपर फॅमिकॉम या खेळयंत्रावर ‘ओतोगिरिसो’ हा वाचायचा खेळ आणला, तेव्हा एकदा वाचून झालेली गोष्ट पुन्हा वाचताना बदलते, नवे पर्याय उघडतात, हेच त्याचं आकर्षण होतं. या प्रकाराच्या मुळाशीच पुन्हा येणं आहे. म्हणून मला वाटतं, इथे प्रयोग करायचा तर चित्रांत किंवा भाषेत करण्याआधी या परत येण्यावर करायला हवा. वाचकाच्या हातात पुस्तकाने दिलेलं नाही असं काही खेळाने दिलं असेल तर ते हेच.

१ मार्च

आवाज. गाणं नाही, पार्श्वसंगीत नाही. इंजिनाची घरघर, पत्र्याचा खडखडाट, बेल. एक बेल थांबा, दोन बेल चला. तिसरी बेल कशासाठी असते ते खेळात कुणी सांगत नाही. आपल्या गाडीत ती एकदा वाजते.

१६ मार्च

चाचण्या सुरू. धाकटा भाऊ खूप खेळ खेळतो. त्याने अपेक्षेप्रमाणे चाक फिरवलं, कंडक्टरचं वाक्य वाचलं, थांबला, मग आणखी मागे गेला, अगदी गाडीत चढण्याच्या वाक्यापर्यंत. तिथे माझ्याकडे काहीच लिहिलेलं नव्हतं. तो म्हणाला, ‘इथे पण कुणीतरी हवं.’ बरोबर आहे. स्थानकावर, गाडी सुटण्याआधीच, बाकावर ती बसलेली हवी. हा प्रसंग लिहायला घेतला.

आईला चाकाचं माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. तिने प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचलं. ‘हाफ का फुल?’ला तिने क्षणात ‘हाफ’ म्हटलं, तिचं रोजचं उत्तर. म्हातारीने ‘गुरवांची धाकटी ना?’ विचारल्यावर मात्र ती बराच वेळ थांबली. मग म्हणाली, एवढ्या रात्री म्हाताऱ्या बाईला नाही कशाला म्हणायचं, आणि ‘हो’ दाबलं. पुढे आतला आवाज तिला ‘तू आलीस’ म्हणत राहिला तेव्हा तिने विचारलं, हे आता मला म्हणतंय का तिला?

आईने एकदाही मागे न जाता खेळ संपवला. तिला शेजारची सीट रिकामीच दिसली, आणि तिची गोष्ट तरी पूर्ण झाली. हे मला फार मोलाचं वाटतं. हा खेळ सवयीच्या खेळाडूंनाच उघडला असता तर माझ्या लेखी तो फसला असता. आईने माणुसकीपोटी दिलेल्या एका होकाराने तिला आत नेलं. ‘नाही, मावशी’ म्हणणाऱ्यांची वाट आता तितकीच भरीव करायला हवी, सध्या ती लवकर आटोपते.

३० मार्च

स्थानकावरचा प्रसंग झाला. धाकटी बाकावर बसलेली असते आणि विचारते, ‘तुम्ही पण याच गाडीला?’ ती ‘तुम्ही’ म्हणते, कारण अजून ओळख नाही. पुढे गाडीत ‘तू’वर येते. हा बदल कुठे करायचा यावर मैत्रिणीशी बरंच बोलणं झालं. बोगद्यानंतर, वेणी दिसून गेल्यावर, असं ठरलं.

नकाराची वाट : म्हातारी गप्प बसते, पण पुढच्या थांब्यावर चढलेला माणूस तोच प्रश्न विचारतो. मग कंडक्टर. प्रत्येक नकारागणिक गाडीतला एक दिवा कमी होतो आणि आतल्या आवाजाची वाक्यं आखूड होतात. शेवटपर्यंत नाही म्हणणाऱ्याला खेळ संपेतो कुणीही काहीही ठरवू शकत नाही, त्याला उतरताही येतं, फक्त थांब्याचं नाव त्याने स्वतः टाइप करायचं. नाव कोणतंही चालेल. गाडी तिथे थांबते.

सूचनेचा पडदा लिहून झाला : गोष्टीत एका तरुण मुलीच्या मृत्यूचा उल्लेख आहे, अचानक मोठे आवाज नाहीत, खेळ तुमच्या संगणकावरच्या इतर कशालाही हात लावत नाही. हे शेवटचं मुद्दाम, कारण डोकी डोकीनंतर लोक ते विचारतात.

राहिलेलं : बोगद्याचं अंतिम चित्र. तिसऱ्या बेलची पातळी, हेडफोनवर जरा जास्त आहे. थांब्याच्या नावाचा रकाना फोनवर देवनागरी कीबोर्डने नीट चालतो का ते बघणं. पर्सिस्टंट कप्पा कोरा करायचं बटण सेटिंगमध्ये ठेवायचं, म्हणजे ज्यांना गाडीने आपल्याला विसरावं असं वाटेल त्यांना ते करता येईल. बटणावर काय लिहायचं ते मैत्रीण म्हणते साधंच ठेव, ‘नवीन तिकीट’. तेच ठेवतेय.